कौसाबाईंचं मानपत्र

पत्नी गेल्यापासून तीन वर्षं माझं देवात मन लागत नव्हतं. नांदेडच्या दवाखान्यात मी औषधं आणायला खाली गेलो आणि वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढ्या वर्षांचा संसार आणि शेवटी ती एकटीच, हा सल जात नव्हता. देवाला थोडं थांबता आलं नाही का, असं मनात यायचं. लातूरच्या आमच्या देवस्थान समितीत मात्र मी राहिलो; सोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

समिती दरवर्षी अध्यात्मसेवेचा पुरस्कार देते. यंदा भोकरच्या कौसाबाईंची निवड झाली. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी नांदेडला दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. अखेरच्या घडीला ज्यांच्याजवळ कुणी नसेल, त्यांच्या उशाशी बसून त्या नाम घेत. एवढंच ठाऊक होतं. बाकीचं विचारायला एसटीनं भोकर गाठलं.

त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. एखादी आठवण सांगा म्हटलं, तर त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

मग म्हणाल्या, "एक बाई ध्यानात हाय, लातूरकडली. मालक औषध आणाया गेलते अन् त्यांचा चष्मा हिच्याच हातात. चष्म्याबिगर चिठ्ठी कशी वाचतील, म्हणून लई घोर लागला होता तिला. म्या हात धरला. येतील माय, म्हणलं, तू इठ्ठलाचं नाव घे. नाव घेत घेतच शांत झाली."

मला लिहिता येईना. त्या दिवशी नर्सनं माझ्या पत्नीच्या मुठीतून सोडवून दिलेला चष्मा माझाच होता. चिठ्ठी वाचता आली नाही, म्हणूनच मला उशीर झाला होता. तो माणूस मीच, हे कसंबसं सांगितलं. कौसाबाईंनी सूप बाजूला सारलं, पाणी आणून दिलं.

"घाबरली न्हाई ती, गुरुजी," एवढंच म्हणाल्या.

समारंभात मी मानपत्र वाचलं. आमची गोष्ट त्यात घातली नाही. शाल पांघरताना कौसाबाई संकोचून उभ्या होत्या, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पत्नीच्या अखेरच्या घडीला तिच्यापाशी कुणीतरी असायला हवं होतं, आणि ते होतं. मीच असायला हवं, हा माझा हट्ट होता.

आता आठवड्यातून एकदा मीही इथल्या सरकारी दवाखान्यात जातो. कुणापाशी बसायचं हे मी ठरवत नाही. ज्या खाटेजवळ कुणी नसेल, तिथं जाऊन बसतो.