हिरड्या पाहणाऱ्या सिस्टरबाई

आमच्या सिस्टरबाई समोरच्याच्या तोंडाकडे पाहायच्या, ते हिरड्यांसाठी. कारंज्याच्या बाजारात भेटल्या तरी नमस्काराआधी हुकूम सुटायचा, "ओठ वर कर पाहू." त्यातून म्हातारेकोतारेही सुटत नसत.

नव्वदच्या दशकात त्या आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात होत्या. खुर्चीत बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानं, तोही अर्धा. तेवढ्यात कोणाची तरी न भरलेली जखम आठवायची आणि बाई चालू पडायच्या. गाव संत्र्यांच्या बागांचं, पण फळं ट्रकात चढायची आणि पोरांनी मागितलं की घरचे सर्दीची भीती दाखवायचे. बाईंचा जीव तळमळायचा. "बाग तुमची, आन् सी जीवनसत्त्व दुसऱ्याले," म्हणत त्या घरोघर भांडायच्या.

एका हिवाळ्यात माझी आई खचली. हिरड्यांतून रक्त, पायांवर निळे डाग. डॉक्टरांनी सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासायला सांगितलं आणि मी मनातल्या मनात कॅन्सर ठरवून मोकळा झालो. अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात सिस्टरबाई आल्या. आईचा ओठ वर केला.

"काकू, खाता काय?"

"चहा-पोळी. वरण-पोळी."

"भाजी काऊन नाई?"

मग हळूहळू कळलं. माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून तिनं संतोषीमातेपुढे आंबट सोडलं होतं; शुक्रवारपुरतं नव्हे, नोकरी पक्की होईपर्यंत. भाजीत कुठे टमाटर, कुठे चिंच, म्हणून भाजीही बंद. वर्ष होत आलं होतं.

"सोड तो नवस," मी ओरडलो. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंनी पर्समधली सी जीवनसत्त्वाची गोळी चघळायला दिली, तीही आंबट लागताच तिनं थुंकून टाकली.

"एका घरात राह्यते, आन् तुले माईत नाई?" बाई मला म्हणाल्या. त्या खोलीत तीन फेऱ्या मारून तरातरा निघून गेल्या आणि तासाभरानं पिकलेले पेरू घेऊन आल्या.

"काकू, देवीनं आंबट खाऊ नोको म्हटलं. पेरू खाऊ नोको असं नाई म्हटलं." पहिली फोड स्वतः खाल्ली. "गोड हाय. चिरून ठेवू नोका, चिरला का खा."

रक्त तपासायलाही त्यांनीच नेलं. कॅन्सर नव्हता; सी जीवनसत्त्व कमी पडून होणारा स्कर्व्ही होता. पेरू, मोड आलेले मूग, कच्ची पत्ताकोबी. पंधरवड्यात रक्त थांबलं, महिन्यात आई विहिरीवर जाऊ लागली.

पुढे बाईंची बदली झाली. गाडीत चढता चढता त्यांनी कंडक्टरच्या हिरड्या पाहिल्या.

माझी नोकरी पक्की झाली तेव्हा आईनं उद्यापन करून आंबट सुरू केलं. दर हंगामात बागेतली निवडक संत्री बाजूला काढून म्हणायची, "बाईले नेऊन देजो." आज जाऊ, उद्या जाऊ करत मी पाच वर्षं घालवली. अखेर गेलो, तर बाई आदल्या वर्षीच वारल्या होत्या. पिशवी तशीच घेऊन परत आलो. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

आईनं पिशवीतली संत्री एकेक करून परत टोपलीत काढली.

"तुमी सगळे मले जगवाले धावले," ती म्हणाली. "मी काय खाते, काऊन नाई खात, हे बाईनंच इचारलं."