देवी डॉक्टरांचे शनिवारचे पत्रक

लोणावळ्यापासून कामशेतपर्यंतच्या मुलखात कुणाला साधी शिंक आली, तरी ती आमच्या देवी डॉक्टरांना कळवल्याशिवाय शेजारच्या घरात जात नसे, असे माझे आजही प्रामाणिक मत आहे. खरे तर ते डॉक्टर नव्हते. सरकारी खात्यात लस टोचण्याच्या नोकरीवर होते. पण गावोगाव हिंडून पोरांना देवी टोचायच्या, म्हणून सारे मावळ त्यांना देवी डाक्तर म्हणे, आणि परीक्षा पास होऊन लोणावळ्याच्या बाजारपेठेत नुकतीच पाटी लावलेला मी त्यांच्यापुढे नुसता 'पेठेतला डाक्तर' होतो. उंचच उंच देह, मेंदी लावलेली आखूड दाढी, खाकी कोट, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी आणि हातात छत्री. ही छत्री त्यांच्या स्वतःसाठी नसे. लशीच्या नळ्यांचा पत्र्याचा डबा ते ओल्या फडक्यात गुंडाळून काखेत धरत आणि छत्री त्या डब्यावर धरत. कुरवंड्याच्या चढावर भर उन्हाळ्यात ते मला एकदा भेटले. स्वतः घामाने निथळत होते आणि डबा मात्र गार सावलीत चालला होता. मी म्हटले, "निदान अर्धी छत्री तरी अंगावर घ्या." ते म्हणाले, "मी उन्हानं नासत नाही, डॉक्टर. ही नासते."

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दंड राहत. रस्त्यात कुणी रामराम घातला की ते गोंधळून त्याच्या तोंडाकडे बघत, मग हळूच त्याची बाही वर सरकवत, आणि व्रण दिसला की चेहरा उजळे. "अरे, तू होय? फार रडला होतास." मग तो माणूस मिशीवाला पाटील का असेना. वडगावकडच्या एका लग्नात आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. नवरदेव अंतरपाटासाठी अंगरखा चढवत होता, आणि याचे दंड कोरे आहेत, हे यांनी मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून हेरले. उठले आणि सरळ नवरदेवाच्या मामांकडे गेले. मामा हात जोडून म्हणाले, "आता नगा डाक्तर, मुहूर्त टळंल." हे म्हणाले, "मुहूर्ताला अजून अर्धा तास आहे. मला पाच मिनिटं पुरतात." पाच मिनिटांत नवरदेव झाला, उरलेल्या पंचवीस मिनिटांत करवले, मामा, वाजंत्री आणि पंगतीचा आचारी झाला. टोचलेले वाळेपर्यंत बाही खाली सोडायची नाही, असा त्यांचा सक्त हुकूम असे. त्यामुळे ते सारे वऱ्हाड डावा हात आडवा धरून मंगलाष्टके ऐकत होते, आणि उशिरा आलेल्या पाहुण्यांनीही, ही इकडची रीत असावी, असे समजून आपापले डावे हात आडवे धरले.

पण त्यांचा खरा जीव होता तो शनिवारच्या पत्रकात. हे पत्रक त्यांना कुणी काढायला सांगितले नव्हते, त्याचा पगारही मिळत नव्हता. आठवडाभर पायी फिरताना कुठे काय पाहिले ते ते जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहीत आणि मध्ये कार्बन घालून त्याच्या चार प्रती काढत. एक मला, एक सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना, एक खंडाळ्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना आणि एक कामशेतच्या सुईणबाईंना. पेन्सिल दर ओळीला जिभेवर ओली करायची सवय असल्यामुळे त्यांची जीभ बारा महिने जांभळी असे. पोरांना "जीभ दाखव" म्हणताना ते नमुन्यादाखल आधी स्वतःची दाखवत, आणि ती पाहून धडधाकट पोरेसुद्धा भोकाड पसरत.

पत्रकातला मजकूर काय वर्णावा. "कुरवंडे : डांग्या खोकला, मुले सहा. सातवे खोकते, पण ते लाडाने." "कार्ले : खरूज कमी. विचारले तर नाही म्हणतात, पाठ वळली की खाजवतात. अचानक मागे वळून पाहावे." "वाकसई : एका आजींचा ताप उतरला. सुनेचा चढला. कारण घरगुती." चौथी प्रत इतकी पुसट निघे की कामशेतच्या सुईणबाई ती कंदिलाच्या काचेवर धरून वाचत. एकदा पत्रकात "कान्हे येथून तीन गोवर" असे होते, ते त्यांनी "तीन गोरे" असे वाचले, आणि बिचाऱ्या दोन दिवस धुतलेल्या चादरी घालून साहेबलोकांची वाट पाहत बसल्या.

पत्रक हातात देऊन हे निघून जात, असे मात्र नाही. समोर उभे राहून ते पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत वाचून दाखवत. रोगी ताटकळत. मी मान हलवत असे, आणि त्यांची पाठ फिरली की कागद कंपाउंडरकडे जाई. तो त्याचे चौकोन कापून त्यात क्विनाइनच्या पुड्या बांधी. म्हणजे कुरवंड्याचा खोकला माझ्या रोग्यांच्या खिशातून पुन्हा कुरवंड्याला जाई. मला त्याचे हसू येई. आज सांगायला संकोच वाटतो, पण तेव्हा मी तरुण होतो आणि मला सगळे येते असे मला वाटत होते.

पहिली मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षे झाली होती. त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. देवी डॉक्टर रोजे कडक पाळत. घोटभर पाण्याशिवाय दिवसाला तीन-तीन गावे चालत. पेन्सिलही जिभेला लावत नसत, त्यामुळे महिनाभर पत्रक फिकट राखाडी येई. अशाच एका शनिवारी त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि परतीची गाडी गाठायची म्हणून न वाचताच ते झपाझप निघून गेले. मला सुटल्यासारखे वाटले. कागद कंपाउंडरकडे गेला.

तासाभराने नर्सबाई स्वतः माझ्या दवाखान्यात आल्या. या बाई धिप्पाड, कमी बोलणाऱ्या, आणि कुणाच्या दारी सहसा न जाणाऱ्या. म्हणाल्या, "आज त्यांनी तुम्हाला वाचून दाखवलं?"

"नाही. का?"

"मलाही नाही. म्हणून मीच वाचलं." त्यांनी आपली प्रत माझ्यापुढे धरली. तीत एकच ओळ होती : "वडिवळे : जुलाब-उलट्या, माणसे तीन, तिघेही ओढ्याच्या डबक्यातले पाणी पिणारे. विहिरीवाले ठीक. मी परत तिकडेच जात आहे. डॉक्टर व बाईंनी यावे."

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ कशी सुरू होते हे मला पुस्तकात पाठ होते. कंपाउंडर तेवढ्यात त्याच ओळीची पुडी बांधत होता. मी ती त्याच्या हातून घेतली, बॅग उचलली, आणि आम्ही दोघे मिळेल त्या गाडीने कामशेतला उतरून बैलगाडीने वडिवळ्याला पोचलो, तेव्हा दुपार कलत होती.

ओढा आटून एक डबके उरले होते आणि त्याच्या काठावर देवी डॉक्टर छत्री आडवी धरून उभे होते. समोर रिकामे हंडे घेऊन पंधरा-वीस बाया. विहिरीत त्यांनी आदल्या दिवशी जंतू मारायची जांभळी पूड टाकली होती. पाणी अजून गुलाबी दिसत होते, आणि ते प्यायला कुणी तयार नव्हते.

एक म्हातारी म्हणत होती, "तुमी देवी टोचा की डाक्तर. पान्याशी तुमचं काय काम? त्या हिरीत कायबी कालवलंया, आमी न्हाई पिनार."

"मावशी, त्यात औषध आहे. बाधत नाही."

"मंग तुमी प्या."

गावचे पाटीलआबा पुढे आले. "आगं, रोजा हाय त्यांचा. काल दिसभर माझ्या वसरीवर व्हते, पर चूळबी भरली न्हाई."

देवी डॉक्टरांनी एकदा उन्हाकडे पाहिले. मग विहिरीवर गेले, स्वतः पोहरा सोडला आणि त्या गुलाबी पाण्याचा तांब्या सगळ्यांच्या देखत उभ्याउभ्या पिऊन टाकला. खाली एक थेंब सांडला नाही.

आबा म्हणाले, "मोडला की वो रोजा."

"बदली एक नंतर धरीन," ते तोंड पुसत म्हणाले. "तुमच्या घरातलं माणूस गेलं, तर त्याची बदली मला देता येणार नाही."

म्हातारीने हंडा उचलला आणि ती विहिरीकडे वळली. तिच्यामागून एकेक करून साऱ्याजणी गेल्या. मी आणि बाईंनी त्या तिघांना शिरेतून मिठाचे पाणी दिले. एक म्हातारबाबा हाती लागले नाहीत. बाकीचे दोघे उठले, आणि चौथे माणूस पडले नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही तिघे एकाच बैलगाडीत होतो. त्यांचा पुन्हा रोजा होता. वाटेत मी विचारले, "हे पत्रक तुम्ही काढता तरी कशाला?"

"मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी धाकटी बहीण गेली," ते म्हणाले. "दोन कोसांवर. मी शेजारच्या गावात पोरांना टोचत होतो. तिच्या गावात चार दिवस माणसं पडत होती, आणि मला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कुणी? कुणाचं कामच नव्हतं ते."

दिवस डोंगराआड गेला. त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात तीन खजूर होते. एक बाईंना दिला, एक मला दिला, आणि मग आपला तोंडात टाकला. कंपाउंडर पुड्या कशात बांधतो, हे मी त्यांना त्याच वेळी सांगून टाकणार होतो. धीर झाला नाही. पण त्या शनिवारपासून पत्रकाचा एकही कागद मी कापू दिला नाही, आणि ते वाचून दाखवत असताना मीही उभा राहू लागलो.

पुढे ते पेन्शनीत निघाले आणि जुन्नरला लेकीकडे राहायला गेले. तिथेच वारले. मला कळले तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. नर्सबाईंना सांगायला मी सरकारी दवाखान्यात गेलो. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. हातातली पट्टी त्यांनी शेवटापर्यंत गुंडाळून डब्यात ठेवली.

"आजारी होते का हो?" त्या म्हणाल्या. "कुणी कळवलंच नाही."