तिघांच्या जागी तीन आवाज

माझा सिंथेसायझर एकसुरी होता. नावं ठेवायची म्हणून नाही म्हणत, खरोखरच तो एका वेळी एकच स्वर काढायचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी तो स्वतःच्या हातानं बनवला. मोडक्या पेटीच्या पट्ट्या, जुन्या रेडिओंचे सुटे भाग अन् एक लाकडी खोकं. पट्टी दाबली की तिच्या ठरलेल्या दाबाची वीज आत जायची अन् तिथून स्वर निघायचा. दोन पट्ट्या दाबल्या तरी वरचीच वाजायची, खालची बिचारी मुकी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. दिवसभर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे, संध्याकाळी घरी येऊन हे खोकं वाजवायचं अन् खुशीत राहायचं, असं माझं चाललं होतं.

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत समोरच बँडवाले चाचा राहायचे. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. जायकवाडी तळाला गेलेली, नळाला आठवड्यातनं एकदा पाणी. अन् तिकडं जालना रोडला शेंद्र्यापर्यंत प्लॉट पाडायची घाई! प्यायला थेंब नाही अन् जाहिरातीत पोहण्याचा हौद, म्हणजे कमालच. खेड्यातली लग्नं पुढं ढकलली जात होती, झाली तरी बिनवाजंत्रीची. चाचांच्या बँडमधले दोन क्लॅरिनेटवाले अन् मागं सतत एकच सा फुंकत राहणारा एक सूर धरणारा, तिघंही पुण्याला कंपनीत लागले. मागं राहिले चाचांचा ढोलकीवाला भाऊ अन् स्वतः चाचा. चाचांचे दात गेल्यानं त्यांना फुंकता येत नव्हतं, ते पेटी वाजवायचे.

एक दिवस चाचा येऊन ओट्यावर बसले. पाणी प्यायले, चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले. मीच शेवटी म्हटलं, "चाचा, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?"

"बेटी, तुझ्या त्या डब्यातनं तीन आवाज निघतील का? एकदम?" ते म्हणाले. "करमाडचं एक लग्न हातात आहे. ते नीट वाजलं तर बँड राहील. नाही तर वाद्यं मोडीत घालतो अन् शेंद्र्याला वॉचमन म्हणून बसतो."

विचार न करता मी हो म्हणून बसले. हा माझा जुना रोग आहे.

स्वर काढणारा भाग तीनदा बनवणं सोपं होतं, नुसती मेहनत. त्या उन्हाळ्यात तापून तिन्ही आवाज तीन दिशांना पळायचे, पण मी मीटर लावून त्यांना जागेवर आणायची. खरं कोडं वेगळंच होतं. कोणती पट्टी कोणत्या आवाजाला द्यायची? अन् तिन्ही आवाज गुंतलेले असताना चौथी पट्टी दाबली तर कोणाला उठवायचं?

उत्तर मला टँकरवर सापडलं. गल्लीत टँकर आला की तीनच नळ्या लागायच्या. चौथी बाई आली की जिची नळी सगळ्यात आधी लागली होती तिनं ती काढायची, असा आमचा नियम. भांडणं व्हायची, पण नियम चालायचा. मी हंडा तिथंच टाकून घरी पळाले. शेजारीण मागनं ओरडली, "अगं, पाणी सोडून कुठं निघालीस, याड लागलं का तुला?" त्या आठवड्यात मी तोच नियम तारांमध्ये उतरवला. जो आधी लागला, तो आधी सुटणार.

चाचा वाजवायला बसले. डाव्या हाताच्या बोटानं खालचा सा दाबून धरला, उजव्या हातानं चाल सुरू केली. तिन्ही आवाज घुमले तसे चाचा लहान पोरासारखे हसले. अन् बोटं जरा झरझर फिरली तशी एकदम सगळं पोकळ झालं.

"या अल्ला! सा कुठं गेला?"

"चौथी पट्टी लागली ना. सा सगळ्यात आधीचा, म्हणून तो सुटला. नियम आहे," मी ठसक्यात म्हटलं.

"नक्को बेटी, असला नियम नक्को! सा काय पाण्याची नळी आहे? बाकीचे येतात-जातात. सा बसून राहतो, म्हणून तर त्यांना येता-जाता येतं."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण म्हातारा बरोबर होता, अन् तेच जास्त झोंबत होतं. तिसऱ्या दिवशी मी 'सा'ला वेगळी वायर काढून दिली. बाकी दोन आवाजांनी आपसात काय ते भांडावं, 'सा'ला कुणी हात लावायचा नाही.

करमाडचं लग्न धनगराच्या घरचं. भर दुपारी, चार पत्रावळ्या कमीच, पण माणसं हौशी. जनरेटर लावला, भावानं ढोलकीवर थाप मारली अन् चाचांनी सा धरला. पाच मिनिटांत म्हातारे फेटेवाले मान डोलवायला लागले. "लई भारी! एकट्यानं तिघांचं वाजवलं की!" कुणीतरी ओरडलं. बँड वाचला, हे मला तिथंच कळलं.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला एक माणूस दिसला. घामाघूम, बगलेत कापडात गुंडाळलेलं वाद्य. भावानं त्याला फोनवर लग्नाचं सांगितलं होतं. तो बँडमधला सूर धरणारा, पुण्याहून एसटीनं आला होता. तो बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. मग पुढं येऊन हळूच म्हणाला, "चाचा, मी आलतो. पण तुमचं तर भागलंय."

चाचांनी वाजवणं थांबवलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटी, सा काढ."

"चालू वाजवण्यात? चाचा, चार महिने गेलेत माझे!"

"सा काढ. तो आलाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा संताप आला होता. सगळ्यात जास्त मेहनत त्याच वायरीवर गेली होती. तरी मी ती उपटली. क्षणभर सगळं पुन्हा पोकळ झालं. त्यानं कापड सोडलं, ओठ ओले केले अन् सा लावला. थोडा उतरलेला होता. मध्ये श्वास घ्यायला तुटतही होता. मीटर लावला असता तर मी त्याला नापासच केलं असतं. पण त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, अन् ढोलकीवाला भाऊ मान खाली घालून वाजवत होता.

मी बटणांवर हात ठेवला अन् माझे दोन्ही आवाज खाली उतरवून त्याच्या 'सा'ला मिळवले.

पुढं लग्नाच्या तारखांना तो पुण्याहून येत राहिला. बाकीचे दोघं क्लॅरिनेटवाले आले नाहीत. चाचा मात्र प्रत्येक वेळी वाजवण्याआधी मला विचारायचे, "ते दोघं आले तर त्यांच्या आवाजांच्या वायरी लगेच निघतात ना, बेटी?"

मी म्हणायची, "निघतात, चाचा."