बिनऔषधाचा वाफा

ऐंशीच्या सुमारास आम्ही तिकडे उत्तरेत, अलीगंजात राहायचो आणि शहराबाहेरच्या शेतावर माझा सोयाबीनचा प्रयोग चालायचा. काही वाफ्यांत दाणेदार औषध घातलेलं, काही मुद्दाम बिनऔषधाचे ठेवलेले. बिनऔषधाची झाडं खुजी, पिवळी राहायची. मुळांत शिरलेले सूत्रकृमी हे करतात, असं माझं म्हणणं. वरिष्ठ म्हणत, "अरे मॅडम, वो सब इल्ली का काम है." इल्ली म्हणजे अळी; औषधाने अळ्याही मरायच्या, त्यामुळे खोडून काढता येईना. या हंगामात पटवता आलं नाही तर माझं सूत्रकृमींचं काम बंद, हे त्यांनी सांगून टाकलं होतं.

त्या पावसाळ्यात अमरावतीहून सासूबाई आल्या. त्यांना घरी करमेना, म्हणून स्कूटरवर मागे बसवून शेतावर न्यायची. मी छपरात मुळं धूत बसले की त्या बांधावर फिरायच्या. एके दिवशी बाहेर येऊन बघते तर बाई बिनऔषधाच्या वाफ्यात बसून केसाळ अळ्या चिमट्याने वेचून रॉकेलच्या डब्यात टाकताहेत. बरेच दिवस हेच चाललं होतं म्हणे.

"आई, अहो, हे काय करताय तुम्ही?"

"शेजारच्याले औषध अन् याले काहीच नाही. हे सावत्र हाय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर सासू नसती तर काय बोलले असते कोण जाणे. प्रयोगाचा बट्ट्याबोळ झाला असं वाटून रडूच आलं मला.

वरिष्ठ आले, झालेला प्रकार ऐकून वाफ्याभोवती फिरले. नवी पानं धड होती, तरी झाडं खुजी ती खुजीच. त्यांनी एक उपटलं. मुळं गाठींनी सुजली होती. सोयाबीनला नेहमी असतात त्या गाठी नखाने निघतात, या निघेनात; या सूत्रकृमींच्या होत्या.

"यार, इल्ली तो अम्माजी ने एक नहीं छोड़ी," ते हळूच म्हणाले, "फिर ये पीला क्यों है?"

माझं काम वाचलं. पुढच्या वर्षी अळ्या वेचलेले वाफे रीतसर आखायला त्यांनीच सांगितलं. मी हरखले, सासूबाई मात्र हिरमुसल्या. "इतकं वेचलं, तरी उपाशीच राह्यलं व्हय?"

पुढच्या पावसाळ्यात त्या चिमटा घेऊन हक्काने आल्या. तुलनेसाठी काही वाफ्यांना हात लावायचाच नाही, हे मी निक्षून सांगितलं. त्यांनी ऐकलंही. फक्त त्या वाफ्यांकडे पाठ करून बसायच्या.