घंटा वाजेपर्यंत

बोलक्या माणसांचे किस्से बोलता बोलता विरून जातात. गप्प बसणाऱ्यांचे मात्र साठत जातात, हा माझा अनुभव! दिवसभर तोंडाला कुलूप लावून बसलेली माणसं संध्याकाळी मौन सुटलं की जे काही सांगतात, त्याला तोड नाही.

आमचा ग्रुप गोव्याचा, पेडणे-डिचोलीतल्या ध्यान करणाऱ्यांचा. अधूनमधून एखाद्या रविवारी एक दिवसाचं शिबिर घेतो, पेडण्याजवळच्या एका गावात, रमाकांतबाबांच्या घरच्या हॉलमध्ये. ध्यानाला बाकीचे बसतात. मेसेज पाठवणं, चपला सरळ लावणं आणि घंटा वाजवणं ही कामं माझी. घंटेच्या बाबतीत मी खडूस आहे, असं सगळे म्हणतात. आहेच!

*

हे शिबिर नवशिक्यांसाठी नसतं. आधी मोठं शिबिर केलेल्यांनाच घेतो. म्हणून मेसेजमध्ये लिहिलं, 'फक्त जुन्या साधकांसाठी.'

डिचोलीहून एकाचा फोन. "ताई, बाबांक हाडूं?"

"वडलांना आणायचंय? त्यांनी आधी शिबिर केलंय का?"

"शिबिर ना. पण जुने आसात! ऐंशी सोंपली!"

ऐंशी पूर्ण झालेल्यांना नाही म्हणवेना. आजोबांना व्हरांड्यात खुर्ची दिली, आणि ते पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. दुपारी, जमा केलेल्या फोनच्या डब्यात, कुणाचा तरी फोन वाजला. रिंगटोन गणपतीच्या आरतीची! फोनवाला डोळे उघडेना, कारण उघडले तर फोन त्याचा हे सगळ्यांना कळणार. आरती आपली चालूच. आजोबा दचकून उठले, हात जोडून उभे राहिले, टाळ्याही वाजवल्या. फोन थांबल्यावर त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "प्रसाद खंय?"

*

सकाळच्या बैठकीत पोदेर आला. पाववाला म्हणजे सायकल आणि सायकल म्हणजे पोंगा. मी धावत फाटकाशी जाऊन त्याला हातानेच थांबवलं.

त्याने पायरीवर लावलेल्या चपलांच्या रांगा पाहिल्या. घरात माणसं भरलेली आणि आवाज कसलाच नाही. बिचाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. हळूच म्हणाला, "कोण गेलो गो बाय?"

"कुणी नाही रे! ध्यानाला बसलेत. सगळे जिवंत आहेत."

त्याने खिडकीतून डोकावून नीट बघून घेतलं.

"सगळे?"

*

पाटील मूळचे कोल्हापूरकडचे, डिचोलीच्या एका कारखान्यात वेल्डर. ध्यानाला पक्के, पण गुडघा त्यांचं ऐकत नाही. एकदा बैठक संपत आलेली असताना ते सरकत सरकत दारापर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत, पोचले.

"ताई, गुडघा पार कामातनं गेला बघा. वाजवा की घंटा!"

मी घड्याळ दाखवलं. अजून वेळ होता.

"त्या घड्याळाचा सेल उतरला असंल. बदला की वो!"

मी हॉलकडे बोट दाखवलं. पाटील तसेच सरकत परत गेले. वेळेआधी घंटा मी कुणासाठीही वाजवत नाही, हे त्यांनी पुढे सगळ्या ग्रुपला सांगितलं.

*

आता रमाकांतबाब आणि उल्हास. सख्खे भाऊ, दोघेही जुने साधक. घरं शेजारी-शेजारी, मध्ये दगडी गडगा आणि गडग्याला लागून मानकुरादाचं झाड. आंबे कुणाचे, यावरून एकदा वाजलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. शिबिराला मात्र दोघेही न चुकता. हॉल थोरल्याचा, स्वयंपाक धाकट्याचा. मौन असल्यामुळे कुणाला काही वावगं दिसायचं नाही!

नियमाप्रमाणे मौनातही माझ्याशी कामापुरतं बोलायची मुभा असते. एकदा जेवताना रमाकांतबाब माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "त्याका सांग, खतखत्यात तिरफळां चड पडल्यांत."

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, भाजीत तिरफळं जास्त झालीत. उल्हासने डाव खाली ठेवला नाही. "त्याका सांग, आवय घालताली तितलींच घातल्यांत."

मी परत येऊन सांगितलं, आई घालायची तितकीच घातलीत. रमाकांतबाबांनी आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "तर बरोबर आसा." आणि आणखी एक वाटी मागून घेतली.

"हेही सांगू त्यांना?"

"नको गो!"

*

यंदा मे महिन्यातलं शिबिर त्या हॉलमधलं शेवटचं होतं. पावसाआधी रमाकांतबाब बिऱ्हाड हलवून मुरगावला मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. सकाळी त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला बाजूला घेतलं. "गो, तुमचें मौन सांजेक सुटता. ह्या दोगांचें केन्ना सुटतलें? आता ना, तर केन्नाच ना." आता नाही सुटलं तर कधीच नाही, हे मलाही दिसत होतं. मला वाईट वाटलं, एवढंच. आणि मी घंटा उचलून कामाला लागले.

शेवटची बैठक. सगळे डोळे मिटून. आणि पत्र्यावर आंबा पडला, ठण्ण! थोड्या वेळाने आणखी एक, गडगडत खाली अंगणात. रमाकांतबाबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग चक्क उठले आणि माझ्या समोरून बाहेर गेले.

अंगणातला आंबा त्यांनी उचलला, धोतराला पुसला, हुंगला. अंगणापलीकडे स्वयंपाकघराच्या दारात उल्हास उभा होता. रमाकांतबाब त्याच्यासमोर गेले आणि आंबा पुढे करून म्हणाले, "उल्हास, पिकलो रे."

उल्हास नियमाचा पक्का. त्याने एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या हातातल्या घंटेकडे दाखवलं. रमाकांतबाबांचा आंबा धरलेला हात हळूहळू खाली यायला लागला.

घड्याळाकडे न बघताच मी घंटा वाजवली.

"दादा," उल्हास म्हणाला, "राव. सुरी हाडटां." आणि हातानेच थांबायची खूण करून तो सुरी आणायला आत वळला.

हॉलमधून माणसं डोळे चोळत बाहेर यायला लागली. सगळ्यांत पुढे पाटील, गुडघा धरून, लंगडत.

"ताई! बदलला व्हय सेल?"