कोपराला बांधलेली फूटपट्टी

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं असेल, तर ते नगरमधल्या एका शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांचं. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते फेडायचा विचारही माणूस करत नाही. पण सर माझे कोणी लागत नव्हते. मी त्यांच्या शाळेत शिकलो नाही आणि ते माझ्या कॉलेजात शिकवत नव्हते. आमची पहिली भेट झाली तीच मुळी त्यांनी भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, माझी बॉलिंग चुकीची ठरवली म्हणून. पुढे मी पंचेचाळिशी उलटेपर्यंत खेळलो. त्या सगळ्या वर्षांत माझ्या हाताकडे कोणाला बोट दाखवता आलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो. तो अभिमान अर्धा सरांचा आहे.

आमचं गाव कोपरगावपासून दोन कोसांवर. घरात चार इयत्तांच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ज्वारी हुरड्यावर आली की शाळेआधी आणि शाळेनंतर पाखरं राखायला मला शेतातल्या माळ्यावर चढवत. गोफण थोरल्या भावाकडे असायची, त्यामुळे मी हाताने दगड मारायचो. लहानपणापासून असे हजारो दगड मारल्यावर हात कसा होतो ते सांगायला नको. पोरांत रबरी चेंडूने क्रिकेट सुरू झालं तेव्हा माझा चेंडू कोणाला दिसायचाच नाही. दहावीत असताना पंचक्रोशीत माझं नाव 'तोफ' पडलं होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, खेळ बघायला कधी आले नव्हते. पण एकाहत्तर साली आपला संघ परदेशात जिंकत होता आणि ग्रामपंचायतीच्या रेडिओवर मराठीतून सारखं 'गोलंदाज, गोलंदाज' चाललेलं असायचं. एकदा आबांनी मला विचारलं, "गोलंदाज म्हंजे तोफेवरचा मानूस ना रं?"

"पूर्वी तसंच म्हणायचे, आबा. आता बॉल टाकणाऱ्याला म्हणतात."

"आन् बळी घेतले म्हनतोय त्यो?"

"म्हणजे औट केलं."

आबा म्हणाले, "तोफा काय, बळी काय. आन् समद्यांच्या अंगावर धुवट कापडं. कोन म्हनंल रं ही लढाई हाय?"

मला तेव्हापासून या शब्दांचा नाद लागला. कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानांवर मी क्रिकेटचे मराठी शब्द लिहून ठेवायचो. फिरकी हा शब्द सगळ्यांत गोड वाटायचा. षटक कानाला बरं वाटायचं, पण मैदानावर ते कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. तिथे ओव्हरच.

कॉलेजसाठी मी नगरला आलो आणि सावेडीला एक खोली घेतली. सावेडीत तेव्हा बंगले थोडे आणि बाजरीची शेतं जास्त. पहिल्या वर्षी मला कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी नेटमध्ये माझ्या चेंडूने दोघांच्या बोटांना लागलं आणि कॅप्टनने मला संघात घेतलं. कॅप्टन नगरच्या पेठेतला, तोंडाने तिखट, पण मनाने वाईट नव्हता.

पहिलाच सामना. काथ्याची मॅट खिळे ठोकून ताणलेली, समोर शहरातला एक क्लब. माझ्या दुसऱ्याच चेंडूला मधला स्टंप लांब जाऊन पडला. मी उडी मारली आणि कानावर शब्द आला, "नो-बॉल."

कॅप्टन ओरडला, "पाय पुढे पडतोय तुझा. मागं घे."

मी वीतभर मागून टाकला. पुन्हा नो-बॉल. मग दोन पावलं मागून टाकला. पुन्हा तेच.

"आता काय सावेडीहून टाकणार का?" कॅप्टन म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याजवळच्या पंचाचा हात खालीच आहे. आवाज स्क्वेअर लेगच्या पंचाकडून येत होता. उंच, सडपातळ गृहस्थ. पांढऱ्या कोटाच्या बाहीवर निळ्या रंगाचा डाग. बाजूचा पंचही नो-बॉल देतो हे मला कसं कळावं? आमच्या गावात नो-बॉल म्हणजे पाय, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. कॅप्टनने माझ्याकडून चेंडू काढून घेतला आणि मला लाँग ऑनला उभं केलं. तिथे मी सामना संपेपर्यंत गवताकडे बघत राहिलो.

सामना संपल्यावर मी त्या पंचांना गाठलं. "सर, माझा पाय रेषेच्या मागे होता."

"पाय उत्तम होता. हात वाकडा होता," ते म्हणाले. त्यांनी स्वतःचा हात कोपरात वाकवला आणि झटक्याने सरळ केला. "हे असं. याला दगड मारणं म्हणतात, बॉलिंग नाही."

"गावात मला आजवर कोणी काही म्हणालं नाही."

"गावात पंच कोण असतं?"

"माझा चुलतभाऊ."

"मग तो कशाला म्हणेल?"

मला राग आला होता, तरी हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाला आमच्या शाळेच्या मैदानावर ये. नाही आलास तरी चालेल. पण मग मी पंच असेन तिथे चेंडू हातात घेऊ नकोस."

मी गेलो. पहिले तीन दिवस त्यांनी मला काही शिकवलं नाही. बाजूला स्टुलावर बसून कोळशाने माझी चित्रं काढली. धावताना, हात वर जाताना, हात कानाजवळ असताना, चेंडू सुटताना. चौथ्या दिवशी सगळे कागद भिंतीशी मांडले आणि प्रत्येकात जिथे कोपर वाकलं होतं तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण केली. एकही कागद खुणेवाचून नव्हता.

"ही तुझी कुंडली," ते म्हणाले. "साडेसाती कोपरात आहे."

मग त्यांनी टेबलावरची लाकडी फूटपट्टी घेतली, माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावली आणि वरून जुन्या कापडाच्या धडप्याने घट्ट बांधली. तशा हाताने पळत येऊन मी शाळेच्या भिंतीवरच्या खडूच्या वर्तुळात चेंडू टाकायचा. पहिला चेंडू माझ्याच पायावर पडला. शाळेची पोरं प्रार्थनेआधी जमायची आणि मला 'फूटपट्टीवाला' म्हणून हाका मारायची. रविवारी सर चर्चमधून परस्पर यायचे, चांगल्या कपड्यांनिशी, आणि तसेच धुळीत उभे राहायचे. हे सहा महिने चाललं. पैसा तर सोडाच, एक कप चहासुद्धा त्यांनी माझ्याकडून घेतला नाही.

त्यांना माझ्या शब्दांच्या वहीची मोठी मौज वाटायची. एकदा ती चाळताना म्हणाले, "तू यात मुख्य शब्द लिहिलाच नाहीस. आपण बॉल टाकतो म्हणतो. सडा टाकतो, अंथरूण टाकतो, बी टाकतो. जिथे हवं तिथे, बेताने. आणि नको असेल ते फेकतो." मी ते वहीत लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर त्या सहा महिन्यांत माझा वेग गेला. कॉलेजच्या नेटमध्ये माझा सरळ हाताचा चेंडू बघून कॅप्टन म्हणाला, "तोफेची पिचकारी झाली की रे." ते वर्ष मी बारावा गडी म्हणून पाणी नेण्यात काढलं. पण हात सरळ राहू लागला तसा चेंडू मॅटवर पडून आत वळू लागला. तो कसा वळतो हे मला आजही शब्दांत सांगता येत नाही. शेवटच्या वर्षी मी संघात परत आलो. सर पंच होते त्या सामन्यात मी चौदा ओव्हर टाकल्या आणि स्क्वेअर लेगकडून एकदाही आवाज आला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माझं एक चित्र काढून दिलं. त्यात तांबडी खूण नव्हती.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. आबांनी गावात गूळ वाटला. पण नोकरी कुठे होती? तेव्हा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने मला खेळायला बोलावलं. कारखान्याचा क्रिकेट संघ होता आणि शेतकी ऑफिसात कारकुनाची एक जागा रिकामी होती. संघाचे कॅप्टन त्याच ऑफिसचे साहेब. एका रविवारी शेजारच्या कारखान्याशी सामना होता. त्यात मला बघायचं आणि मग जागेचं ठरवायचं, असं त्यांनी निरोपात स्पष्ट कळवलं होतं.

आबा बैलगाडी घेऊन सामना बघायला आले. जन्मात पहिल्यांदा. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली ऊसवाल्या शेतकऱ्यांत जाऊन बसले. मी लांबून बघितलं, ते सगळ्यांना बोटाने मला दाखवत होते.

समोरचा फलंदाज चांगला जमलेला होता. माझ्या पहिल्या तीन ओव्हरमध्ये त्याने चार चौके मारले. साहेब मिडऑफवरून माझ्याकडे आले आणि खांद्यावर हात ठेवून हळू बोलले.

"तुला कशाला बोलावलंय? चार वर्षांमागं तुमच्या गावच्या जत्रेत तुझी बॉलिंग मी पाह्यलीय. स्टंप मोडला हुतास. कुठं गेली ती तोफ?"

"ती फेकी होती साहेब. मी सोडली."

"सोडली म्हणं. आरं, दोन्ही पंच आपल्याच ऑफिसातले हायत. कोनी तोंड उघडनार न्हाई." मग लिंबाकडे बघून म्हणाले, "वडील आलेत ना? त्यांना काय दाखवायचं ते तुझं तू ठरव."

त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. मी माझ्या खुणेपर्यंत चालत गेलो. पुढे काय झालं ते मी त्याच संध्याकाळी सरांना लिहिलं. सर गेल्यावर त्यांच्या पत्नीने चित्रांच्या फायलीतलं ते पत्र मला परत दिलं. तेव्हा जे लिहिलं होतं त्याहून बरं आज मला लिहिता येणार नाही, म्हणून तेच देतो.

आदरणीय सर,

वर 'सा. न. वि. वि.' लिहिलं होतं, ते खोडलं. आज आधी कबुली द्यायची आहे, नमस्कार शेवटी करतो.

आज मी एक चेंडू फेकला. चुकून नाही, ठरवून. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण कोपर माझं होतं. फलंदाजाची बॅट खाली येण्याआधी त्याचा मधला स्टंप गेला. सगळे माझ्या अंगावर धावून आले. लिंबाखाली आबा उभे राहिले होते आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी स्क्वेअर लेगकडे बघितलं. तिथले पंच खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. सर, त्या जागी तुम्ही नाहीत याचं मला आधी बरं वाटलं. आणि लगेच फार वाईट वाटलं.

मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "हा नो-बॉल होता. मी फेकला." ते म्हणाले, "मला तर काही दिसलं नाही." मी म्हणालो, "मला दिसलं." साहेब म्हणाले, पोरगा चेष्टा करतोय. फलंदाज निम्म्या वाटेत थांबला होता. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं, तेव्हा पंचांनी हात आडवा केला आणि तो परत आला. त्यानंतर मी आठ ओव्हर तुमच्या हाताने टाकल्या. तीन गडी बाद केले, त्यात तो एक. आत वळलेला चेंडू, पायचीत. सामना आम्ही थोडक्यात हरलो. साहेब जाताना माझ्याशी बोलले नाहीत. जागा गेली असं समजतो.

गाडीत बसल्यावर आबांनी कासरा धरला आणि बैल हाकले. मग म्हणाले, "औट झाल्याला मानूस तू म्हागारी का बोलीवला?" मी म्हणालो, "आबा, मी बॉल फेकला होता." ते म्हणाले, "आरं, समदेच तर फेकत्यात." मग मी त्यांना हात दाखवला. वाकडा कसा, सरळ कसा. तुमच्या फूटपट्टीचंही सांगितलं. त्यांनी कासरा माझ्याकडे दिला, खाली उतरले, बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि हात ताठ ठेवून टाकून बघितलं. ते त्यांच्या पुढ्यातच पडलं. दुसरं उचललं, ते मागे गेलं. बैल थांबून बघत होते. तिसरं ढेकूळ कसंबसं रस्त्यापलीकडे गेलं, तेव्हा ते खांदा चोळत गाडीत बसले. म्हणाले, "लई अवघड हाय की ह्ये. आन् तू आज दिसभर असंच टाकलंस?"

मी म्हणालो, "एक सोडून."

ते म्हणाले, "त्यो तर तू मोजलाच न्हाईस." आणि पुढे घर येईपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला गाडी थांबवून हात ताठ करून दाखवत होते.

पुढच्या आठवड्यात नगरला येतो. नागापूरला नवे कारखाने निघताहेत, तिथे अर्ज टाकायचे आहेत. सकाळी साडेसहाला मैदानावर असेन. फूटपट्टी घेऊन या.

साष्टांग नमस्कार.

तुमचा,
फूटपट्टीवाला