अण्णांच्या कानातलं फॉरेन

आमच्या ऑर्केस्ट्राची गाणी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. फजित्या मात्र राहिल्या, आणि दोन जुने वादक चहाला भेटले की त्यात एखादीची भर पडतेच. त्यातल्या बहुतेक माधवअण्णांच्या कानातून निघाल्या.

अण्णा म्हणजे आमच्या बेंगळुरूच्या मराठी ऑर्केस्ट्राचे मालक, मुख्य गायक आणि, त्यांच्याच मते, प्रमुख आकर्षण. मी ढोलकीवर. नलिनीअक्का कोरसला. अकरा वर्षं अक्का नुसतं ‘आ… आ…’ करत होती. तिने एक अख्खं गाणं मागितलं की अण्णा म्हणायचे, “सरी अक्का, बरं बरं, पुढच्या गणपतीला!”

* * *

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अण्णांनी केबलवर एक परदेशी गायक पाहिला. कानात इवलासा इअरफोन, वायरचा पत्ता नाही! अण्णांची जुनीच तक्रार होती, “स्टेजवर मला माझाच आवाज ऐकू येत नाही!” आमच्यात एवढा नशीबवान दुसरा कुणी नव्हता.

खरी सिस्टिम परवडेना. मग एका रेडिओ मेकॅनिककडून साबणाच्या डबीत एफएम ट्रान्समीटर बसवून घेतला. कमरेला पॉकेट रेडिओ, दोन्ही कानांत इअरफोन.

मेकॅनिकने विचारलं, “वाद्यंपण सोडू का त्यात?”

“कशाला? फक्त माझा माइक!”

पहिल्याच कार्यक्रमात अण्णा आमच्या एक कडवं आधी संपले. वर आमच्यावरच ओरडले, “तुम्ही सगळे मागे का राहता रे?”

* * *

हेब्बाळला लग्न होतं. नवरी निघाली, आई रडतेय, अण्णांचं पाठवणीचं गाणं रंगात आलेलं. तेवढ्यात कानातल्या रेडिओने दुसरंच स्टेशन पकडलं.

अण्णा माइकवर ओरडले, “गेली विकेट!”

नवरीचे वडील अजून आमच्याशी बोलत नाहीत.

* * *

कान बंद, त्यामुळे टाळ्या ऐकू येत नसत. शिव्याही नाहीत. एकदा पुढच्या रांगेतले लोक हात हलवून “साकू! साकू!” म्हणजे पुरे, पुरे म्हणून विनवत होते. अण्णांनी नुसते हात पाहिले.

“वन्स मोअर? जरूर!”

आणि तेच गाणं पहिल्यापासून!

* * *

मग पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्याचा गणपती. मालक बेळगावकडचे. कार्यक्रम आवडला तर दरवर्षीचा ठरणार होता. अण्णांनी सगळी गाणी स्वतःकडे घेतली. अक्का नेहमीसारखी कोरसच्या जागी जाऊन उभी राहिली. मला राग आला, पण मीही ढोलकी कसायला घेतली.

मध्येच अण्णांचा घसा बसला. ते गरम पाणी प्यायला उतरले आणि अक्काने त्यांचाच माइक उचलला. एक गाणं म्हटलं, पूर्ण. ढोलकी वाजवताना माझे डोळे भरून आले. अण्णा परत आले आणि आणखी सात गायले.

मालकांचा पाय प्लॅस्टरमध्ये. ते लांब, आपल्या केबिनमध्येच बसले होते. शेवटी त्यांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर रेडिओ.

“वॉचमन म्हणाला, प्रोग्रॅम रेडिओवर लागतोय. सगळा ऐकला बघा. बाईंचं गाणं लई झकास! पुढच्या वर्षी गणपतीला ह्यांचंच गाणं ठेवू. पण त्यांच्या आधी आणि नंतर कोण हो ते तालीम करत बसलं होतं? त्याला तेवढं आणू नका!” मालकांनी जोरजोरात हात हलवला.

अण्णांच्या कानांत अजून इअरफोन होते. त्यांनी एक काढला आणि हसत अक्काला विचारलं, “काय म्हणतायत?”

अक्का म्हणाली, “वन्स मोअर, अण्णा.”